प्रश्न उद्भवत नाही

आमच्या खात्यात प्रश्नोत्तर कक्ष नावाची एक लांबुडकी खोली होती. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. पाच टेबलं आणि चार माणसं. पाचव्या टेबलावर जुन्या उत्तरांचे गठ्ठे बसायचे. संसदेत गृहमंत्र्यांना जे प्रश्न विचारले जात, त्यांची उत्तरं या खोलीत तयार व्हायची. लोकांना वाटतं, मंत्री उभा राहिला की उत्तर मंत्री देतो. आवाज त्याचा असतो, एवढं खरं.

खिडकीजवळच्या टेबलावर पुरवणीबाई बसायच्या. हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. झालं असं की लेखी प्रश्न पंधरा दिवस आधी येतो, त्यामुळे त्याचं भय कुणालाच नसतं. भय असतं ते पुरवणी प्रश्नाचं. उत्तर वाचून झालं की सदस्य उभा राहतो आणि भलतंच काहीतरी विचारतो, आणि मंत्र्याला तिथल्या तिथे तोंड उघडावं लागतं. बाईंचं कसब असं, की कोण सदस्य कुठला पुरवणी प्रश्न विचारील हे त्या आधीच लिहून ठेवायच्या, उत्तरासकट. एकदा त्यांनी एकोणीस पुरवण्या काढल्या आणि त्यातल्या सतरा सभागृहात त्याच क्रमाने आल्या. विरोधी पक्षाला संशय आला की आपल्यात कुणी फितूर आहे. त्यांनी आपसात चौकशी लावली. तिचं काय झालं, असं पुढे वार्ताहरांनी विचारलं तेव्हा त्यांच्या नेत्याने सांगितलं, "माहिती संकलित करण्यात येत आहे." बाईंना ते वाचून फार बरं वाटलं होतं. आपली भाषा पलीकडच्या बाकांवरही पोचली म्हणून.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर टंकलेखिका होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी शिकवणी घेतली.

"हे बघ, आपल्याकडे तीनच उत्तरं असतात. 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे' आणि 'प्रश्न उद्भवत नाही'. बाकी सगळा मजकूर म्हणजे कागद कोरा दिसू नये म्हणून."

"पण खरंच काही झालेलं असेल तर?"

"तर अंशतः."

"आणि काहीच झालेलं नसेल तर?"

"तरी अंशतःच. उद्या झालं तर आपली अडचण नको."

हे सगळं त्या अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायच्या. उंच, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात खोचलेली पेन्सिल. बावीस वर्षांत त्यांच्या उत्तरावर एकही मंत्री अडकला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. एखाद्या शिंप्याला आपली शिवण दिसत नाही याचा असतो तसा.

त्यांचं घर कचेरीपासून पायी पंधरा मिनिटांवर. घरात नवरा, तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि फारसं बोलायचा नाही. बोलायचं काम सासूबाई करायच्या. सासूबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे हातात काठी. पण जीभ पहिल्यासारखीच चालती. रोज सकाळी दहाला त्या गल्लीच्या टोकाला असलेल्या वाचनालयात जायच्या, सगळी वर्तमानपत्रं वाचायच्या आणि साडेबाराला परत यायच्या.

घर आणि वाचनालय यांच्या मधोमध ती चौकी होती.

हिरव्या पत्र्याची, माणूसभर रुंद आणि दोन माणसं लांब. पुढे लाल-पांढरा आडवा दांडा, दोन्ही बाजूंना सिमेंटचे ठोकळे. सगळा पदपथ तिने गिळला होता. अकरा वर्षांपूर्वी त्या जागेसमोरच्या इमारतीत एका शेजारी देशाचा दूतावास होता, त्याच्या पहाऱ्यासाठी ती ठेवलेली. सहा वर्षांपूर्वी दूतावास शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या जागेत गेला. चौकी राहिली. चौकीतला पहारेकरीही राहिला, कारण त्याला कुणी ऊठ म्हटलं नाही. इमारतीत पुढे दातांचा दवाखाना निघाला. पहारेकरी सुजलेल्या गालांच्या माणसांना दांडा वर करून आत सोडायचा आणि ती बाहेर पडली की सलाम ठोकायचा.

चौकीला वळसा घालायचा तर पदपथावरून खाली उतरून भर रस्त्यातून दहा पावलं चालावी लागायची. तरण्या माणसाला त्याचं काही नव्हतं. काठी घेऊन चालणाऱ्या बाईला होतं.

या चौकीवर संसदेत आजवर चार वेळा प्रश्न आला होता, आणि चारही वेळा उत्तर बाईंनीच लिहिलं होतं: 'सदर चौकी परराष्ट्र खात्याच्या विनंतीवरून उभारण्यात आली असल्याने हा विषय त्या खात्याच्या अखत्यारीत येतो. सबब प्रश्न उद्भवत नाही.' मग तोच प्रश्न परराष्ट्रमंत्र्यांकडे जायचा. तिथून उत्तर यायचं: 'सदर ठिकाणी आता दूतावास नसल्याने हा विषय गृह खात्याच्या अखत्यारीत येतो. सबब प्रश्न उद्भवत नाही.' म्हणजे चौकी एका मंत्र्याच्या लेखी परदेशी होती आणि दुसऱ्याच्या लेखी देशी. बाई सकाळी तिला वळसा घालून कचेरीत यायच्या, ती आपली नाही असं लिहायच्या आणि संध्याकाळी पुन्हा तिला वळसा घालून घरी जायच्या.

"तुम्हाला काही वाटत नाही?" मी एकदा विचारलं.

"मी रस्त्यावर चालते तेव्हा नागरिक असते," त्या म्हणाल्या, "आणि इथे बसते तेव्हा खातं."

मग एका मंगळवारी सासूबाई पडल्या. चौकीला वळसा घालताना मागून बस आली, तिच्या भोंग्याने त्या दचकल्या आणि ठोकळ्यावर आदळल्या. मोडलं काही नाही; चष्मा फुटला, कोपर सोललं. पहारेकऱ्याने त्यांना उचलून समोर नेलं आणि दातांच्या डॉक्टरने कोपराला पट्टी बांधली.

"दूतावासात एवढी सोय नव्हती," सासूबाई घरी येऊन म्हणाल्या. मग सूनबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "चौकी कुणाची आहे गं?"

"आई, तो विषय परराष्ट्र खात्याच्या..."

"मी तुला विचारलं, खात्याला नाही."

सासूबाईंनी नवा चष्मा येईपर्यंत तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी त्या रिक्षा करून त्या भागाच्या विरोधी पक्षाच्या सदस्याच्या कचेरीत गेल्या. ही सदस्य पूर्वी शाळेत कवायत शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. तिथे सासूबाईंनी काय सांगितलं ते आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. त्या म्हणाल्या होत्या, "एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आमच्या एक्स्चेंजमध्ये असं झालं की आम्ही दोघांनाही एकाच लाइनवर घ्यायचो. तुम्ही दोन्ही मंत्र्यांना एकाच दिवशी विचारा."

यातलं बाईंना काही ठाऊक नव्हतं. पंधरवड्याने प्रश्नांची यादी आमच्या खोलीत आली, तोंडी उत्तराचे प्रश्न, गुरुवारचे. बाई पेन्सिल फिरवत वाचत होत्या. चौदाव्या प्रश्नावर पेन्सिल थांबली. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

मी वाचलं: '(अ) दंतवैद्याच्या दवाखान्यासमोर शासनाने सशस्त्र पहारा ठेवला आहे, हे खरे आहे काय, (ब) असल्यास, सदर दवाखाना कोणत्या देशाचा आहे, (क) तेथील दातदुखीपासून देशाच्या सुरक्षेस कोणता धोका संभवतो, (ड) पादचाऱ्यांनी चालावे कोठून?'

मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत.

"हे आमच्या आईंचं आहे," त्या म्हणाल्या. "हा 'कोठून' बघ. त्या फोनवर असंच विचारायच्या, 'कोठून बोलता?' सतरा नंबरचा प्रश्नही तोच आहे, फक्त परराष्ट्रमंत्र्यांना."

त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या तावातावाने. पुढचं त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सासूबाई खिडकीत बसून शेंगा सोलत होत्या.

"आई, तुम्ही माझ्याच खात्याला प्रश्न विचारलात?"

"हे अंशतः खरे आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मला सांगितलं असतंत तर?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, विषय दुसऱ्या खात्याचा."

"उत्तर मलाच लिहावं लागणार आहे, कळतंय का तुम्हाला?"

"मग बरंच झालं की. तुला ठिकाण माहीत आहे. माहिती संकलित करायला लांब जायला नको."

नवऱ्याने घड्याळातून मान वर केली, दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

बाईंना हे लागलं. मला वाटतं, सासूबाईंच्या टोमण्यापेक्षा त्यांना हे लागलं, की बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना एका पुरवणी प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या तळघरात गेल्या, जुन्या नस्त्या ठेवतात तिथे. दुपारपर्यंत वर आल्या नाहीत. आल्या त्या केसांत कोळिष्टकं आणि हातात एक अकरा वर्षांपूर्वीची फाईल घेऊन. तिच्यात एका पानाचा आदेश होता. शेजारी देशाचे पाहुणे येणार म्हणून गृह खात्याने, म्हणजे आम्ही, स्वतःहून तीन आठवड्यांसाठी ती चौकी ठेवली होती. परराष्ट्र खात्याची विनंती वगैरे काही नव्हती. उलट दूतावासाचं एक पत्र होतं, की चौकीमुळे आमची गाडी फाटकातून वळत नाही, कृपया ती हलवावी. पत्रावर कुणीतरी लिहिलं होतं, 'परराष्ट्र खात्याकडे पाठवावे.' ते पाठवलं गेलं नव्हतं.

"म्हणजे ही विनंती आली कुठून?" मी विचारलं.

बाईंनी फाईल मिटली. "पहिलं उत्तर मीच लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "साहेबांना घाई होती. म्हटलं, दूतावासासमोर आहे म्हणजे परराष्ट्रवाल्यांनीच मागितली असणार. पुढची तीन उत्तरं मी पहिल्या उत्तरावरून लिहिली."

त्या संध्याकाळी त्यांनी एक मसुदा लिहिला. असा मसुदा आमच्या खोलीत कधी टंकला गेला नव्हता. मी तो दोनदा वाचला, मला वाटलं माझं काही चुकतंय. '(अ) होय. (ब) दवाखाना याच देशाचा आहे. (क) कोणताही नाही. (ड) चौकी या खात्याची असून ती हलविण्यात येईल.' सोबत जुन्या आदेशाची प्रत.

दोन दिवसांनी फाईल खाली आली. उपसचिवांनी चारही उत्तरांवर एक तिरपी रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं: 'मागील उत्तराप्रमाणे.'

बाईंनी ती रेघ पाहिली. मी त्यांच्याकडे पाहत होते, म्हणून सांगते, त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ज्याला चुकून बक्षीस लागलंय आणि ते अजून कुणाला सांगायचं नाहीये, तसा तो चेहरा होता.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मागील उत्तराप्रमाणे. टंक."

त्याचं कारण त्यांनी मला सांगितलं नाही. ते मला दुपारी वर्तमानपत्रातून कळलं. परराष्ट्रमंत्री दहा दिवसांच्या परदेश दौऱ्यावर निघाले होते, आणि त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या खात्याच्या प्रश्नांना उत्तरं देणार होते आमचे गृहमंत्री.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. परराष्ट्र खात्याच्या प्रश्नोत्तर कक्षातले गृहस्थ होते. आम्ही त्यांना परराष्ट्रवाले म्हणत असू. सहा वर्षं बाई आणि ते ही चौकी एकमेकांकडे टोलवत होते, पण दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मी जवळच असल्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"सतरा नंबरला आमचं मागचंच उत्तर आहे," ते म्हणाले. "तुमचं चौदाला?"

"आमचंही मागचंच."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"दोन्ही एकाच तोंडातून जाणार आहेत, हे लक्षात आलंय ना तुमच्या?"

"मी फाईलवर पिवळी चिठ्ठी लावलीय. 'चौदा व सतरा ही उत्तरे एकत्र वाचून पाहावीत, ही विनंती.'"

"मी पण लावलीय," परराष्ट्रवाले म्हणाले. "माझी गुलाबी आहे."

"मग आपण आपलं काम केलं."

"केलं की. गुरुवारी येणार का सभागृहात?"

"म्हणजे काय!"

ती पिवळी चिठ्ठी फाईलबरोबर वर गेली. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, सचिव, मंत्र्यांचे खासगी सचिव आणि स्वतः मंत्री, अशा सात सह्या घेऊन फाईल परत आली. चिठ्ठी जागच्या जागी होती. एका साहेबांनी सही करताना ती आड येते म्हणून कोपऱ्यात दुमडली होती, एवढंच.

आमच्या मंत्र्यांबद्दल सांगायला हवं. माणूस मनाने वाईट नव्हता. धिप्पाड देह आणि आवाज असा की ऐकत राहावं. घोंगड्यांचा हिशेबही ते अशा भारदस्तपणे वाचायचे की समोरच्याला राष्ट्रगीताला उभं राहावंसं वाटावं. फक्त वाचत असलेलं त्यांना ऐकू येत नसे. हातात कागद आला की तो वाचायचा, ही त्यांची जन्माची सवय. एकदा उत्तराच्या शेवटी टंकलेलं 'कृपया पान उलटावे' हेही त्यांनी सभागृहाला विनंती केल्यासारखं वाचलं होतं, आणि पुढच्या बाकावरच्या दोघा-तिघांनी आपापली पानं उलटलीही होती.

गुरुवारी आम्ही अधिकाऱ्यांच्या सज्जात बसलो. ही मंत्र्याच्या बाकामागची, जाळीआडची जागा. मंत्री अडला तर इथून चिठ्ठी द्यायची, शिपाई ती पुढे नेतो. बाई पहिल्या रांगेत, मांडीवर कोऱ्या चिठ्ठ्यांची वही. मी मागे. बाईंच्या शेजारी एक बुटके, टक्कल पडलेले गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या फाईलवर गुलाबी चिठ्ठी होती. बाईंनी फाईलकडे पाहिलं, त्यांनी बाईंच्या. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

"तुमचा आवाज उंच माणसाचा वाटायचा," बाई म्हणाल्या.

"तुमचाही बुटक्या बाईचा."

प्रेक्षक कक्षात वर सासूबाई होत्या. नव्या चष्म्याने सगळ्या सभागृहाची हजेरी घेत होत्या.

प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. बाराव्या प्रश्नाला मंत्र्यांनी परराष्ट्र खात्याच्या वतीने मासेमारीच्या करारावर उत्तर दिलं. 'चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात सुरू आहे.' त्यात एका परक्या राजधानीचं नाव तीन वेळा आलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. तेरावा तुरुंगातल्या घोंगड्यांचा. पुरवण्या आल्या त्या बाईंच्या यादीतल्याच. मंत्री खुशीत होते.

"प्रश्न क्रमांक चौदा," अध्यक्ष म्हणाले.

मंत्री उठले. त्यांनी घसा साफ केला आणि त्या सुंदर आवाजात वाचलं, "सदर चौकी परराष्ट्र खात्याच्या विनंतीवरून उभारण्यात आली असल्याने, हा विषय त्या खात्याच्या अखत्यारीत येतो. सबब, प्रश्न उद्भवत नाही."

कवायतवाल्या सदस्य उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, आता पुरवणी. त्या म्हणाल्या, "आभारी आहे," आणि बसल्या. सज्जात परराष्ट्रवाल्यांनी हळूच आपल्या गुडघ्यावर थाप मारली.

पंधरा आणि सोळा कुठल्याशा बंदराचे आणि पारपत्रांचे होते. ते गेले.

"प्रश्न क्रमांक सतरा."

मंत्री उठले, कागद उचलला. "सदर ठिकाणी आता दूतावास नसल्याने, हा विषय गृह खात्याच्या..." इथे प्रथमच त्यांचा आवाज किंचित खाली आला, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसा. पण सवय ती सवय. "...अखत्यारीत येतो. सबब, प्रश्न उद्भवत नाही."

विरोधी बाकांवरून एक खुदखुद सुरू झाली, ती सरकारी बाकांवर गेली, आणि कवायतवाल्या सदस्य शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या:

"अध्यक्ष महोदय, माझा एकच पुरवणी प्रश्न. गृहमंत्री आणि परराष्ट्रमंत्री यांची एकदा भेट व्हावी, यासाठी सरकार प्रयत्न करणार आहे काय? आज ते दोघेही सभागृहात हजर आहेत, आणि एकाच कोटात आहेत."

असा हशा मी त्या वास्तूत पुन्हा कधी ऐकला नाही. अध्यक्षांनी हातोडा उचलला, पण त्यांचेच खांदे हलत होते. "मंत्रिमहोदय," ते म्हणाले, "आपण हा विषय आपल्याकडे पाठवलात आणि आपण तो आपल्याला परत केलात. आता तो कुठे आहे?"

मंत्र्यांनी मान वळवून सज्जाकडे पाहिलं. बुडत्या माणसाने पाहावं तसं. बाईंची पेन्सिल केसांतून निघाली होती. एरवी दहा सेकंदांत त्या चार ओळी लिहायच्या, अशा की ऐकणारा वाट चुकलाच पाहिजे. त्या दिवशी त्यांनी तीनच शब्द लिहिले. शिपायाने चिठ्ठी पुढे नेली. मंत्र्यांनी ती हातात घेतली, आणि हातात कागद आल्यावर ते जे करत तेच त्यांनी केलं.

"चौकी आपलीच आहे," त्यांनी भारदस्त आवाजात वाचलं.

यावर हशा झाला नाही. सरकारी बाकावरून इतकं छोटं आणि इतकं सरळ वाक्य कुणी ऐकलंच नव्हतं. मंत्री स्वतःही त्या कागदाकडे पाहत राहिले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा ते आपण वाचलेलं ऐकत होते.

"मग हलवणार ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"आठ दिवसांत," मंत्री म्हणाले. हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

दुपारी सचिवांनी बाईंना बोलावलं. मी दाराबाहेर फायली घेऊन उभी होते, म्हणजे फायली घेऊन ऐकत होते.

"तुम्ही मंत्र्यांना तोंडघशी पाडलंत!"

"मी फक्त वस्तुस्थिती कळवली, साहेब."

"चिठ्ठी वाचून दाखवायची नसते, हे तुम्हाला माहीत आहे!"

"मला माहीत आहे, साहेब. चिठ्ठी माझ्यासाठी नव्हती."

"आणि ही दोन उत्तरं एकाच माणसाला वाचायला लागणार, हे आधी का नाही सांगितलंत?"

बाईंनी फाईल उघडून पुढे ठेवली. "पिवळी चिठ्ठी, साहेब. तिच्या शेजारी सात सह्या आहेत. पाचवी आपली."

आतून पानं उलटल्याचा आवाज आला. मग सचिव म्हणाले, "ही कोपऱ्यात कुणी दुमडली?"

"माहिती संकलित करावी लागेल," बाई म्हणाल्या.

शिक्षा द्यायची तर फाईल चौकशीला काढावी लागणार, आणि फाईल काढली की सात साहेब तिच्यात निघणार. म्हणून बाईंची फक्त बदली झाली. आवक-जावक विभागात, पाकिटांवर शिक्के मारायला.

चौकी आठव्या दिवशीच गेली. क्रेन आली, पत्रा उचलला, आणि खाली अकरा वर्षं ऊन न पाहिलेल्या फरशा निघाल्या, नव्या कोऱ्या. पहारेकरी खुर्ची घेऊन पदपथावर उभा होता. आपण कुणाचा पहारा देत होतो, हे त्याने सासूबाईंना विचारलं. "माझा," त्या म्हणाल्या, "पण तू मला पडू दिलंस." तरी पुढे त्यांनीच डॉक्टरकडे शब्द टाकला आणि दवाखान्याच्या दारात त्याला काम मिळवून दिलं. सलाम ठोकण्याची त्याची सवय काही सुटली नाही. डॉक्टरला मात्र त्यामुळे आपली फी वाढवावीशी वाटू लागली.

पुढच्या अधिवेशनात बाईंच्या जागी आलेल्या तरुणाने पुरवण्या काढल्या त्या सगळ्या चुकल्या. मंत्री एका आठवड्यात तीनदा अडकले. चौथ्या दिवशी ते स्वतः तळमजल्यावर आले. आवक-जावक विभागात मंत्री आलेला कुणी पाहिला नव्हता. एका कारकुनाने गडबडीत त्यांच्यावरही आवक क्रमांक टाकायचंच काय ते बाकी ठेवलं.

"परत चला," मंत्री म्हणाले.

"येईन, साहेब. पण एक अट आहे. सभागृहात जायच्या आधी उत्तरं एकदा वाचायची. मनात."

"मनात?"

"मनात."

मंत्र्यांनी अट मान्य केली, आणि तिथून त्यांच्या नशिबाचे फासे फिरले. मनात वाचल्यामुळे त्यांना अर्थ कळू लागला आणि अर्थ कळल्यामुळे ते अडखळू लागले. 'हे अंशतः खरे आहे' म्हणताना त्यांचा आवाज कापायचा. 'सौहार्दपूर्ण वातावरणात' म्हणताना ते खाली पाहायचे. वर्तमानपत्रांनी लिहिलं की मंत्री थकले आहेत. सकाळी ते आमच्या खोलीत फोन करायचे. "हे 'लवकरच' लिहिलंय, म्हणजे कधी?" बाई सांगायच्या, "ते कुणालाच ठाऊक नाही, साहेब." पलीकडे सुस्कारा ऐकू यायचा.

मग पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात एका सदस्याने विचारलं, की अमुक तुरुंगातला अमुक कैदी सुटकेचा आदेश निघूनही सात महिने आत का आहे. उत्तर तयार होतं, बाईंचंच, चांगलं बेतलेलं, 'कार्यवाही प्रगतिपथावर आहे' असं. मंत्री उठले. कागद उचलला. पहिला शब्द उच्चारला, थांबले. कागदाची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "हे मला लाजिरवाणं वाटतं. आज दुपारी मी स्वतः तिथे जातो आणि उद्या इथे सांगतो."

सदस्य पुरवणी विचारायला अर्धे उठले होते, ते तसेच वाकलेले राहिले, मग बसले. अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारायला जरा उशीर केला.

सज्जात बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "हे कुठल्या मसुद्यात होतं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"कुठल्याच नाही," मी म्हटलं.

त्यांनी चिठ्ठ्यांची वही मिटली. मंत्री दुपारी खरंच गेले. कैदी संध्याकाळच्या बसने आपल्या गावी पोचला, आणि महिन्याभरात मंत्रिमंडळ बदललं तेव्हा आमच्या साहेबांना ग्रंथालय खातं मिळालं. ते बाईंना म्हणाले, तिथे निदान वाचायला हरकत नसावी.